पाप ‘करवत नाही’ म्हणजे नेमकं काय?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सप्रेम सलाम. आमच्या चाळीत दर गुरुवारी घरगुती प्रार्थनासभा भरते. तिथे येणारे एक बंधू शिकवतात की नव्याने जन्मलेला माणूस पाप करतच नाही, आणि करत असेल तर त्याचं तारण झालेलंच नाही. आधार देतात योहानाच्या पहिल्या पत्राचा, १ योहान ३:९ चा. आपण अकरा वर्षांत एकही पाप केलेलं नाही, अशी साक्षही त्यांनी दिली. इकडे रविवारी उपासनेत पाळकसाहेब सगळ्या मंडळीकडून पापकबुली म्हणवून घेतात. माझं म्हणाल तर नळाला पाणी येतं पहाटे साडेपाचला आणि जातं साडेसहाला. त्या तासात सासूबाईंना लागेल असं काहीतरी माझ्या तोंडून जातंच. बाप्तिस्मा होऊन नऊ वर्षं झाली. माझं तारण झालंय की नाही?
– एक भगिनी, कुर्ला

उत्तर : ताई, सलाम. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाहीतर बाकीचं वाचताना तोच डोक्यात घोळत राहील. सासूबाईंना टोचून बोलणं हे पाप आहे. पण तेवढ्यावरून तुमचं तारण झालेलं नाही असं ठरत नाही. ज्या पत्राचा धाक तुम्हाला घातला गेला, त्याच पत्रात या दोन्ही गोष्टी आहेत.

बंधूंनी ३:९ वाचलं, तुम्ही दोन पानं मागे उलटा. १:८ म्हणतं, आपल्या ठायी पाप नाही असं म्हणणारा स्वतःला फसवतो. १:१० त्याहून कडक आहे: आपण पाप केलेलं नाही असं म्हणणारा देवाला लबाड ठरवतो. पहिल्या वचनात आजची स्थिती आहे, दुसऱ्यात मागचा हिशेब. अकरा वर्षांची साक्ष सरळ दुसऱ्यात सापडते. शिवाय योहान इथे ‘तुम्ही’ न म्हणता ‘आपण’ म्हणतो, म्हणजे प्रेषिताने स्वतःलाही त्यात धरलं आहे. मग २:१ येतं: तुम्ही पाप करू नये म्हणून हे लिहितो, आणि कोणी पाप केलंच तर पित्याजवळ आपला कैवारी आहे, येशू ख्रिस्त. विश्वासणाऱ्याच्या हातून पाप होणारच नसतं, तर कैवारी कशाला लागला असता?

आता ३:९. आपल्या नेहमीच्या मराठी पवित्र शास्त्रात तिथे ‘त्याच्याने पाप करवत नाही’ असे शब्द आहेत. हे ‘करवत नाही’ नीट ऐका. तापाने फणफणलेल्या माणसाला जेववत नाही. हात धड आहे, तोंड धड आहे, ताट समोर आहे, पण घास उतरत नाही. एखाद्या वेळी बळेच चार घास तो गिळतोही, पण ते अंगी लागत नाहीत. देवाचं बीज ज्याच्यात राहतं त्याला पापाची गोडी पुरत नाही, केलं तर ते पोटात ठरत नाही, असा अर्थ या मराठी क्रियापदात आपोआप येतो. मूळ ग्रीकमध्ये साधं ‘शकत नाही’ आहे, ही छटा भाषांतरकारांची. आमच्या मते ती पत्राच्या ओघाला धरून आहे.

काही शिकवणारे इथे ग्रीक व्याकरणाचा आधार घेतात: क्रियापद चालू वर्तमानातलं आहे, म्हणून ‘पाप करत राहत नाही’ असा अर्थ घ्यायचा, एकेका पापाचा नाही. यात तथ्य आहे. २:१ मध्ये योहान एकदा घडलेल्या पापासाठी क्रियापदाचं वेगळं रूप वापरतो, तेही खरं. पण सगळा भार व्याकरणावर टाकू नका. ५:१६ मध्ये ‘आपला भाऊ पाप करताना दिसला तर’ असं आहे, आणि तिथेही वर्तमानाचंच रूप आहे. म्हणजे ‘भाऊ’ आणि ‘पाप करताना’ हे दोन शब्द योहानाला एका वाक्यात चालतात.

खरी किल्ली संदर्भात आहे. २:१९ नुसार काही माणसं मंडळी सोडून गेली होती. १:६ वरून दिसतं की देवाशी सहभागिता आहे असं म्हणत अंधारात चालणारे लोक योहानासमोर होते. ३:१० मध्ये तो कसोटी देतो ती नीतीने वागण्याची आणि भावावर प्रीती करण्याची, आणि ३:१७ मध्ये ती अगदी घरगुती होते: भाऊ गरजेत दिसतो आणि हा आपलं काळीज घट्ट करतो. थोडक्यात, ३:९ पापात सुखाने पाय पसरून बसलेल्याला उठवतं आणि १:८ आपण निष्पाप झालो म्हणणाऱ्याला खाली बसवतं. तुम्ही या दोघांपैकी कोणीच नाही. टोचून बोलल्याची बोच तुम्हाला पत्र लिहायला लावते, हेच ‘करवत नाही’चं लक्षण.

त्या बंधूंना खोटं पाडायला जाऊ नका. अकरा वर्षं असं मनापासून म्हणणारा माणूस बहुधा खोटं बोलत नसतो, त्याचं माप आखूड असतं. दारू, शिवी, व्यभिचार, चोरी एवढीच यादी धरली तर अकरा वर्षं कोरी जाऊ शकतात. पण याकोब ४:१७ म्हणतो, चांगलं करायचं कळत असून न करणं हेही पाप. डोंगरावरच्या प्रवचनात राग आणि वाईट नजर मोजली जाते. आणि स्तोत्र १९:१२ विचारतं, स्वतःच्या चुका कोणाला कळतात? न कळत घडलेल्या पापाला लेवीय ४ आणि ५ मध्ये चक्क दरपत्रक आहे: याजकाला गोऱ्हा, अधिपतीला बकरा, सामान्य माणसाला बकरी किंवा मेंढी, गरिबाला दोन पारवे, आणि तेही जमत नसेल तर एफाचा (धान्याच्या जुन्या मापाचा) दहावा हिस्सा सपीठ. पाप लक्षात आलं नाही म्हणून ते झालंच नाही, अशी सवलत त्यात कुठेही नाही.

पाळकसाहेबांच्या पापकबुलीलाही मोठी परंपरा आहे. ‘करू नये ते केलं, करायला हवं ते केलं नाही’ ही इंग्लंडच्या जुन्या प्रार्थनापुस्तकातली कबुली. अँग्लिकन मंडळ्या १९७० साली उत्तर भारतीय मंडळीत आल्या, तेव्हा तो वारसाही सोबत आला. त्याच्याही मागे प्रभूची प्रार्थना आहे. ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ ही विनवणी रोजच्या भाकरीला चिकटून येते, म्हणजे भाकरीइतकीच रोजची. चौथ्या-पाचव्या शतकात माणूस स्वतःच्या बळावर निष्पाप राहू शकतो असं शिकवणाऱ्या पेलागियसच्या बाजूचे लोक म्हणत, संत ही विनवणी केवळ नम्रतेपोटी करतात, त्यांना तिची गरज नसते. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने ठराव केला की संतसुद्धा ती नम्रतेने आणि खरेपणानेही म्हणतात. देवापुढे नम्रता दाखवायला खोटं बोलणं ही कसली नम्रता, असा त्यातला रोख.

मग सगळेच पाप करतात तर प्रयत्न तरी का करायचा? इथे तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसचा भेद उपयोगी पडतो. कृपेत असलेला माणूस लहान पापांपैकी प्रत्येक पाप एकेकटं टाळू शकतो, पण सगळीच्या सगळी टाळू शकत नाही. छापखान्यातल्या माणसाला हे लगेच पटेल. या अंकात राहिलेली प्रत्येक चूक टाळण्याजोगीच होती, तरी बिनचूक अंक निघत नाही. म्हणून ‘माणूस आहे, चुकायचंच’ ही सबब उद्याच्या साडेपाचला चालत नाही. उद्याचं ते एक वाक्य टाळता येण्याजोगं आहे. १ करिंथ १०:१३ मध्ये परीक्षेबरोबर ‘निभावण्याचा उपाय’ देण्याचं वचन आहे, तो शोधायचा.

कसा? आठवडाभर फक्त एवढं टिपा: कोणत्या मिनिटाला, कोणत्या कारणावरून, नेमके कोणते शब्द गेले. बहुतेक वेळा कारण एकच निघतं. पिंप आधी की बादल्या आधी, यावरून सुरुवात होत असेल तर तो क्रम रात्रीच ठरवा, आणि सासूबाईंना विचारून ठरवा. तरीही तोंडून गेलं, तर पाणी जायच्या आत त्यांच्यापाशी जाऊन म्हणा, ‘आई, मी आत्ता जे बोलले ते चुकलं.’ त्यापुढे ‘पण तुम्हीही’ जोडू नका. त्या दोन शब्दांनी कबुलीची तक्रार होते. १:९ मध्ये मराठी पवित्र शास्त्र म्हणतं, ‘पापे पदरी घेतली’ तर क्षमा. पदरी घ्यायचं म्हणजे दुसऱ्याच्या ओटीत टाकायचं नाही.

रोमकरांस ७ मधलं ‘जे करू इच्छितो ते करत नाही’ हे पौल विश्वासात येण्यापूर्वीचं बोलतो की नंतरचं, यावर जुना वाद आहे. ऑगस्टीननेसुद्धा आयुष्यात मत बदललं आणि शेवटी ते विश्वासणाऱ्या पौलाचंच बोलणं मानलं. तुमच्या प्रश्नाचा निकाल त्या वादावर अडत नाही. फिलिप्पै ३:१२ मध्ये तोच पौल, मी पूर्ण झालो आहे असं नाही, हे स्वच्छ सांगतो.

प्रश्न : मी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पापनिवेदनाला जातो. आमची जुनी माणसं त्याला कुमसार म्हणतात. दर वेळी तीच चार पापं: राग, थाप मारणं, प्रार्थनेचा कंटाळा, दुसऱ्याची निंदा. सुटत नाहीत, तर उपयोग काय? ती पूर्ण सुटेपर्यंत ख्रिस्तप्रसाद घेऊ नये का?
– एक वाचक, गोराई

उत्तर : घ्यावा. तुमच्याच चर्चने १५४७ साली ट्रेंटच्या सभेत ठरवलं की देवाच्या खास कृपेशिवाय कोणीही आयुष्यभर सगळी पापं, अगदी लहानसुद्धा, टाळू शकत नाही. पूर्ण सुटण्याची वाट पाहिलीत तर प्रसाद मरेपर्यंत मिळायचा नाही.

प्रसादाच्या आड येतं ते प्राणघातक पाप. त्याला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव, आणि स्वतःच्या मर्जीने दिलेला होकार. एक जरी कमी पडली तरी ते प्राणघातक नव्हे. तुमच्या यादीतली पहिली तीन एरवी लहान पापांत मोडतात आणि प्रसाद श्रद्धेने घेतल्याने लहान पापांची क्षमाही होते, असं चर्च शिकवतं. चौथ्याकडे मात्र नीट पाहा. निंदेमुळे कोणाचं लग्न मोडलं, कोणाची नोकरी गेली, तर ती लहान राहत नाही.

उपयोग दिसत नाही याचं कारण बहुधा सांगण्याच्या पद्धतीत असतं. ‘रागावलो’ हे फार मोघम झालं. कोणावर, कुठे, किती वेळा, हे सांगा. गंभीर पापांचा प्रकार आणि संख्या सांगणं बंधनकारकच आहे. लहान पापांना ते बंधन नसलं तरी त्यानेच ती हातात सापडतात. दुसरी चूक म्हणजे दुसऱ्यांची पापं सांगत बसणं. बायको अशी, शेजारी तसा. तिसरी, एकदम चारही पापांवर चाल करून जाणं.

एकच घ्या. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी यासाठी सोपी युक्ती दिली आहे. कागदावर आठवड्याच्या सात दिवसांच्या रेघांच्या जोड्या काढायच्या. पहिल्या दिवसाची जोडी लांब, पुढच्या प्रत्येक दिवसाची आधीपेक्षा आखूड. सकाळी उठताच त्या एका दोषाचं नाव घेऊन सावध राहायचं ठरवायचं. दुपारच्या जेवणानंतर मागचे तास आठवायचे आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके पहिल्या रेघेवर द्यायचे. रात्रीच्या जेवणानंतर तेच, दुसऱ्या रेघेवर. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी ताडायची, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी. रेघा आखूड होत जातात त्या ठिपकेही कमी व्हावेत याच आशेने. थापांसाठी हा कागद फार उपयोगी, कारण थापा मोजता येतात. ‘आत्ता बोरिवलीला पोचलोय’ असं घरातूनच फोनवर सांगितलंत, तर तो एक ठिपका. प्रार्थनेच्या कंटाळ्याला हा कागद लावू नका. तिथे ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा जास्त कामाची.

एक इशारा. ठिपके मोजताना झोप उडायला लागली, सांगून झालेलं पाप नीट सांगितलं की नाही या शंकेने पुन्हा पुन्हा जावंसं वाटू लागलं, तर कागद फाडून टाका. एकच फादर निवडा आणि ते ‘पुरे’ म्हणतील तिथे थांबा. अति शंकेखोर मनाला चर्चचा हाच जुना सल्ला आहे.

प्रश्न : आम्ही मेथडिस्ट. जॉन वेस्ली यांनी या जन्मी पूर्ण पवित्रीकरण शक्य आहे असं शिकवलं ना? मग त्या शिकवणीचं काय करायचं?
– एक वाचक, भायखळा

उत्तर : शिकवलं, आणि ते सोडून द्यायचं काही कारण नाही. फक्त त्यांचे शब्द त्यांच्याच अर्थाने वापरायचे. १७६६ साली त्यांनी या विषयावरचं आपलं म्हणणं एकत्र प्रसिद्ध केलं. पूर्ण पवित्रीकरण किंवा पूर्णता म्हणजे देवावर आणि शेजाऱ्यावर सगळ्या अंतःकरणाने प्रीती, जिच्यापुढे उलट्या इच्छेला जागा उरत नाही. अज्ञान, चुका, विसर, आजारपण यांतून सुटका म्हणजे पूर्णता नव्हे. खऱ्या अर्थाने पाप कशाला म्हणायचं, याची त्यांची व्याख्या अशी: माहीत असलेल्या आज्ञेचा जाणूनबुजून केलेला भंग. ही व्याख्या धरली तर ‘पाप न करणं’ हाताच्या टप्प्यात येतं. पण न कळत घडलेल्या उल्लंघनालाही ख्रिस्ताच्या रक्ताची गरज असते, हे त्यांनी सोबतच लिहिलं. ‘निष्पाप पूर्णता’ हा शब्दप्रयोग ते टाळत, आणि आपल्याला ती अवस्था लाभली असा दावाही त्यांनी केला नाही.

मुंबईत ही शिकवण दोन वाटांनी रुजली. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्यम टेलर यांच्या सभांतून इथे मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. १८८२ साली मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) मुंबईत उतरली. तिच्या अकरा सिद्धांतांतला दहावा पूर्ण पवित्रीकरणाचाच आहे, १ थेस्सल ५:२३ च्या आधाराने. घोळ होतो तो वेस्लींची व्याख्या आणि लूथरपंथीयांची किंवा कॅल्विनपंथीयांची व्याख्या एकाच वाक्यात मिसळल्यावर. लूथरच्या लेखी विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, कारण तो मनातली ओढही पापात धरतो. दोघं वेगवेगळ्या फूटपट्ट्यांनी मोजतात आणि आकडा जुळत नाही म्हणून भांडतात. वाद घालण्याआधी समोरच्याला ‘पाप कशाला म्हणता?’ एवढं विचारलं तरी बरंचसं भांडण मिटतं. सगळं मात्र मिटत नाही.

प्रश्न : माऊंट मेरीच्या जत्रेत ऐकलं की मारियामातेने कधीच पाप केलं नाही. पवित्र शास्त्रात तर फक्त येशूबद्दल तसं आहे ना?
– एक विद्यार्थिनी, वांद्रे

उत्तर : इब्री ४:१५ मध्ये पापरहित म्हटलं आहे ते येशूला, आणि त्याबद्दल सगळ्या मंडळ्यांचं एकमत आहे. मारियेला देवाच्या खास कृपेने पापापासून राखलं गेलं, असं कॅथलिक चर्च मानतं. ती मूळ पापाविना गर्भात आली, हा सिद्धांत पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी जाहीर केला. बरोबर नऊ महिन्यांनी, ८ सप्टेंबरला, तिच्या जन्माचा सण येतो, आणि वांद्र्याची जत्रा त्याच सणाला धरून भरते. प्रोटेस्टंट मंडळ्या हा सिद्धांत मानत नाहीत. कॅथलिकांच्या लेखीही ही कृपाच, मारियेची स्वतःची कमाई नव्हे.

प्रश्न : नोकरीत चौदा महिने रिक्षाभाड्याची खोटी व्हाउचर लावली. जायचो बसने, दाखवायचो रिक्षा. दिवसाला तीस रुपये, महिन्याला साधारण वीस दिवस. आता बंद केलंय आणि प्रभूपाशी कबुलीही दिली आहे. एवढं पुरे का? ते पैसे मंडळीच्या दानथैलीत टाकले तर?
– एक तरुण, अंधेरी

उत्तर : दानथैलीत नको. ते पैसे मंडळीचे नाहीत. गणना ५:६-८ मध्ये हा क्रम स्पष्ट आहे: कबुली, मग पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा, आणि ती ज्याचं नुकसान केलं त्यालाच. तो नसेल आणि घ्यायला त्याचा नातलगही नसेल, तरच ती याजकाकडे जाते. तुमची कंपनी चालू आहे.

हिशेब असा: सहाशे गुणिले चौदा, म्हणजे ८,४०० रुपये. पाचवा हिस्सा १,६८०. एकूण १०,०८०. हा पाचवा हिस्सा मोशेच्या नियमशास्त्रातला आहे, ख्रिस्ती माणसावर तो कायदा म्हणून लादता येत नाही. पण पैसे चौदा महिने तुम्ही वापरलेत, म्हणून वर काहीतरी देणं रास्तच. शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराने तर चौपट देऊ केलं. निर्गम २२:१ मध्ये चोरून विकलेल्या मेंढरामागे चार मेंढरं आहेत, ते त्याच्या मनात असावं.

लोक इथे दोन पळवाटा काढतात. एक, निनावी पाकीट अकाउंट्सच्या टेबलावर ठेवणं. ते कुठल्या खात्यात जमा करायचं हे कोणाला कळत नाही, आणि पैसे भलत्याच्याच खिशात जायची शक्यता असते. दुसरी, पुढचे खरे क्लेम न लावता ‘आपोआप फेडणं’. त्याने वह्या दोनदा खोट्या होतात, आधी जास्तीच्या आणि मग कमीच्या.

वरिष्ठांना चार ओळींचं पत्र द्या: कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, किती रक्कम, चूक माझी, परत करू इच्छितो. बाकी कोण कोण असं करतं ते लिहू नका, ती कबुली तुमची नव्हे. नोकरीवर बेतू शकतं, तेव्हा पत्र देण्याआधी घरी सांगा आणि पाळकांशी बोला, मात्र त्या बोलण्यात महिने घालवू नका. एकरकमी जमत नसेल तर पगारातून कापून घ्यायला सांगा. सात महिने, दरमहा १,४४० रुपये.